अण्णा, सूर्य गेला का?

ओळंब्यावरून सुरू झालं हे सगळं.

आमच्या जुन्या चाळीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला त्याला बरीच वर्षं झाली, माणसं डोंबिवली, कळवा, विरार, बदलापूर अशी पांगली, पण ग्रुपवर सगळे अजून त्याच गॅलरीत लेंगा-बनियनवर उभे असल्यासारखे बोलतात. तर मार्चमध्ये एका रात्री अण्णांनी व्हिडिओ टाकला की पृथ्वी सपाट आहे, गुरुत्वाकर्षण बिकर्षण काही नसतं, जड असेल ते खाली जातं, हलकं असेल ते वर, बाकी शाळेतली थाप. आणि खाली स्वतः टाईप केलेलं, "लिफ्टवाल्याने उत्तर द्यावं. शाफ्टमध्ये दोन ओळंबे सोडतोस ना? पृथ्वी गोल असती तर दोन्ही खाली जवळ जवळ आले असते. येतात का?"

लिफ्टवाला म्हणजे मी. बावीस वर्षं याच धंद्यात आहे, आधी नवीन लिफ्ट बसवायचं काम, आता मेंटेनन्स. नवीन लिफ्ट बसवताना शाफ्टच्या, म्हणजे लिफ्टच्या विहिरीच्या, डोक्यावर मापाची चौकट बांधतो, त्यावरून पियानो वायर थेट तळातल्या खड्ड्यापर्यंत सोडतो, खाली वजन लावतो आणि ते वजन तेलाच्या डब्यात बुडवून ठेवतो म्हणजे झोके खात नाही, मग त्या तारेवरून गाईड रेल, म्हणजे लिफ्ट ज्यावरून सरकते ते रूळ, लावायचे. अण्णा म्हणजे आमच्या पक्याचे वडील, गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, फिटर होते, १९८२ च्या संपात सत्तावीस वर्षांचे, आता सत्तर. असल्या माणसाला ओळंब्याबद्दल खोटं सांगता येत नाही. मी विचार न करता लिहून मोकळा झालो, "नाही अण्णा, वर-खाली सारखंच माप येतं."

"झालं तर मग," अण्णा. त्यावर अकरा अंगठे.

तिथेच सोडायला पाहिजे होतं पण डोक्यात किडा घुसला. मी नासाचा फोटो टाकला, अपोलो १७ च्या लोकांनी १९७२ ला काढलेला तो निळा गोळा. अण्णा म्हणाले फोटो माझा नातूपण बनवतो, काल त्याने मला वानखेडेवर बॅटिंगला उभा केला. मी बोललो पुस्तकात आहे, सगळ्या जगातल्या पुस्तकात आहे. तर म्हणाले, "गिरण्या परत चालू होणार हे पण छापून आलं होतं. मी कात्रण ठेवलंय." आता याच्यावर काय बोलणार? मी लिहिलं जहाज लांब जाताना आधी खालचा भाग दिसेनासा होतो मग वरचा, चौथीत शिकलोय आपण. "तू बघितलंस?" नाही. "मुंबईत जन्म गेला तुझा, समुद्र तीन बाजूंनी, आणि एकदा पण बघितलं नाहीस?"

नव्हतं बघितलं, खरं सांगतो. मला पृथ्वी गोल आहे हे माहीत होतं म्हणजे नुसतं माहीत होतं, राजधानीचं नाव माहीत असावं तसं. ग्रहणाचं पण तेच. मी म्हंटलं चंद्रावर पृथ्वीची सावली गोल पडते, अण्णांनी लिहिलं थाळीची पण सावली गोल पडते. गप्प बसलो. दोन दिवसांनी बोरिवली स्लोमध्ये कांदिवलीच्या जवळ दरवाज्यात उभा असताना डोक्यात आलं की अरे, थाळी तिरकी धरली की सावली लांबुळकी होते, आडवी धरली तर नुसती पट्टी! ग्रहण मध्यरात्री डोक्यावर लागो नाहीतर चंद्र उगवता उगवता लागो, सावलीची कड प्रत्येक वेळी गोलच, आणि कुठूनही उजेड टाकला तरी गोलच सावली देणारी वस्तू एकच, चेंडू. पण तोपर्यंत ग्रुपवर कुणाच्या तरी बारशाचे फोटो चालू झाले होते.

ओळंब्याचं पण नंतर गणित केलं. आमच्या पंचाण्णव मीटरच्या शाफ्टमध्ये दोन मीटर अंतरावर दोन तारा सोडल्या तर दोघी पृथ्वीच्या मध्याकडे बघतात, मध्य आहे ६३७१ किलोमीटर खाली, मग तळाशी त्या किती जवळ येतील? ०.०३ मिलिमीटर. तार स्वतःच त्याच्या कितीतरी पट जाड असते, आणि शाफ्टमधला वारा तिला त्याहून जास्त हलवतो. म्हणजे माझं "सारखंच येतं" हे खरं होतं पण त्यातून ना अण्णांचं सिद्ध होत होतं ना माझं. हे टाकल्यावर अण्णांनी मिशिगनच्या टॅमरॅक खाणीचा किस्सा पाठवला, १९०१ च्या सुमारास तिथे हजाराहून जास्त मीटर खोल तारा सोडल्या तर खाली त्या जवळ यायच्या ऐवजी लांब गेल्या म्हणे. हा किस्सा खरा आहे. तारा खरंच लांब गेल्या होत्या. ज्यांनी मोजलं त्यांनीच पुढे शोधलं की खाणीतून खेळणारी हवा तारांना ढकलत होती. मला हे कळायला प्रोफेसर लागत नाही, पावसाळ्यात खालचा दरवाजा उघडा राहिला तर आमची तार कशी नाचते ते मी बघितलंय. अण्णांना हे पटलं बरं का, कारण ते हवेचं होतं. साचेखात्यात हवा आणि ओल यांच्यावर सूत तुटतं की नाही ते ठरायचं.

मग मांडव्याचा फोटो आला. अण्णांचा पुतण्या अलिबागला जाताना जेट्टीवर उतरला आणि त्याने मागे वळून झूम करून गेटवे काढला. "मैलाला आठ इंच, मैलांचा वर्ग कर," अण्णांचा फॉर्म्युला, व्हिडिओवाल्यांचा लाडका. मांडवा ते गेटवे सरळ रेषेत १४ किलोमीटरच्या आसपास, फॉर्म्युल्याने साधारण १५ मीटर गोलाईच्या आड लपायला पाहिजेत. गेटवे आहे २६ मीटर उंच. म्हणजे अर्ध्याहून जास्त पाण्याखाली पाहिजे होता आणि फोटोत तर कमानीखालची माणसं सोडली तर सगळा दिसतोय. मी तीन वेळा गणित केलं, तिन्ही वेळा १५ आलं, घाम फुटला. रात्री दीडला कळलं की हा फॉर्म्युला चुकीचा नाही, पण तो डोळा पाण्याला टेकवलेल्या माणसासाठी आहे. जेट्टीवर उभ्या माणसाचा डोळा पाण्यापासून चार मीटर वर धरला तर त्याचं क्षितिज सात किलोमीटरवर जातं, आणि त्याच्या पुढच्या सात किलोमीटरात लपतात फक्त चारेक मीटर. गेटवेचा चौथराच पाण्याच्या वर आहे. हिशोब बसला. पण ते चार मीटर म्हणजे आता कुणालाही काहीही म्हणता येईल इतकं थोडं.

मध्येच बाळ्याने उडी मारली, हे गोल वगैरे इंग्रजांनी शिकवलं आपल्याला. बाळ्याला वाद घालायचाच नसतो, काडी टाकून झोपतो तो. त्याला मी भास्कराचार्य टाकला. ११५० सालच्या सिद्धांतशिरोमणीत स्पष्ट लिहिलंय की परिघाचा शंभरावा भाग सरळच दिसतो, पृथ्वी तर केवढी मोठी आणि माणूस केवढासा, म्हणून तिच्यावर उभ्या असलेल्याला ती सपाट वाटते. पृथ्वीत ओढून घ्यायची शक्ती आहे असंही त्यात आहे. (त्यावरून लगेच न्यूटनचं सगळं आपण आधीच शोधलं होतं असं म्हणणारे तिघं जागे झाले, त्यांना सांगावं लागलं की बाबांनो ओढते एवढं म्हणणं वेगळं आणि किती ओढते त्याचं सूत्र मांडणं वेगळं, ते १६८७ चं.) अण्णांना भास्कराचार्य आवडला. म्हणाले, "हा बरोबर बोलतोय. सपाट का वाटतं हे सांगतोय. तुझ्यासारखा सपाट वाटणाऱ्याला येडा म्हणत नाही."

हे लागलं मला. मी तसं म्हंटलं नव्हतं पण माझ्या प्रत्येक मेसेजमध्ये ते होतंच.

मेमध्ये सावलीचा प्रयोग केला. मुंबईत १५-१६ मेच्या आसपास सूर्य दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, साधारण १२ वाजून ३५ मिनिटांनी, तेव्हा उभ्या वस्तूची सावली गायब होते. भांडुपला आमच्या गच्चीवर मी एक मीटरचा पाईप ओळंब्यात उभा केला, पोरं जमली, सावली आखडत आखडत पाईपच्या बुडात शिरली आणि खरंच नाहीशी झाली, पाण्याच्या टाकीवरचा कावळा सुद्धा सावलीशिवाय बसल्यासारखा वाटत होता. मावसभाऊ दिल्लीत असतो, त्याला पण एक मीटरची काठी उभी करायला लावली, त्याच्याकडे दुपारच्या सगळ्यात आखूड सावलीचं माप आलं सतरा सेंटीमीटर. त्यावरून कोन निघतो ९.६ अंश. मुंबई-दिल्ली उत्तर-दक्षिण अंतर धरलं १०६५ किलोमीटर. ३६० ला ९.६ ने भागा, १०६५ ने गुणा, उत्तर जवळ जवळ चाळीस हजार किलोमीटर! पृथ्वीचा परीघ! माझ्या गच्चीवरून! सव्वा दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमध्ये इरॅटोस्थेनिसने असंच केलं होतं. ग्रुपवर टाकलं, फेटा बांधूनच बसलो होतो म्हणा.

अण्णांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, कागदावर पेनाने काढलेलं चित्र. सपाट टेबल, वर एक बल्ब, टेबलावर दोन काड्या. बल्बच्या बरोबर खालच्या काडीला सावली नाही, बाजूच्या काडीला आहे. "सूर्य जवळ असेल तर सपाटावर पण हेच होईल."

बसलो त्याचं गणित करत, आणि च्यायला, बरोबर होतं. सूर्य ६३०० किलोमीटरवर टांगला तर सपाट जमिनीवर दिल्लीत तीच सतरा सेंटीमीटर सावली पडते. दोन काठ्यांवरून पृथ्वी गोल आहे हे ठरतच नाही. इरॅटोस्थेनिसने गोल आहे हे आधीच धरून चालून मग तिचं माप काढलं होतं, आणि मी ते गोलाईचा पुरावा म्हणून मिरवत होतो. कुठल्या शिक्षकाने मला हे सांगितलं नव्हतं, गिरणीतल्या फिटरने सांगितलं. मी ग्रुपवर लिहिलं, "अण्णा बरोबर आहेत. तिसरी काठी पाहिजे." त्याला अकरापेक्षा जास्त अंगठे आले.

तिसरी काठी कुठे लावायची हा पण घोळ. श्रीनगरचं गणित केलं तर गोलाने आणि सपाटाने येणाऱ्या कोनात फरक पडतो ०.२ अंश, काठी जरा वाकडी झाली तरी तेवढा येतो. आपला देश त्यासाठी लहान पडतो, गंमतच आहे. मग भाची आठवली, लंडनला शिकते. तिथे पृथ्वी गोल असेल तर मीटरभर काठीची सावली त्रेसष्ट-चौसष्ट सेंटीमीटर यायला पाहिजे, अण्णांचा बल्ब खरा असेल तर सत्तावन्न. पोरगी पहिल्या दिवशी बाराला गेली आणि माप घेऊन आली ते कशातच बसेना, मग लक्षात आलं तिकडे उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे असतात, सूर्याचे बारा एकला तीन-चार मिनिटं कमी असताना वाजतात. दुसऱ्या दिवशी ढग होते, थोडा वेळ ऊन आलं, तेवढ्यात तिने मोजलं. त्रेसष्ट.

अण्णा म्हणाले, "तुझी भाची, तुझी काठी, तुझं माप."

भाचीला खोटं पाडत नव्हते ते. मला कळलं त्यांना काय म्हणायचंय. मीच तर नव्हतो का मार्चमध्ये सगळ्या जगातल्या पुस्तकांची शपथ घेत?

जहाजाचं पण त्याच महिन्यात झालं. बिल्डिंगमधला लग्नाचे फोटो काढणारा पोरगा मोठा झूमवाला कॅमेरा घेऊन आला, बँडस्टँडला गेलो. पहिल्या वेळी जे जहाज डोळ्याला नुसता ठिपका वाटत होतं ते झूम केल्यावर बुडापासून शेंड्यापर्यंत अख्खं दिसलं, आणि अण्णांच्या व्हिडिओत हेच सांगितलेलं की झूम केलं की जहाज परत येतं. परत आलं! कारण ते क्षितिजाच्या अलीकडेच होतं, नुसतं बारीक झालेलं. महिनाअखेरीला एक सर पडून गेली, हवा धुऊन निघाली, त्या संध्याकाळी परत गेलो. आता लांबवर कंटेनरच्या रांगा आणि मागची पांढरी केबिन दिसत होती आणि त्याखाली जहाजच नाही. झूम केलं तर बिनबुडाचं जहाज मोठं झालं, बूड काही आलं नाही, खालची कड तापलेल्या तव्यावरच्या हवेसारखी थरथरत होती. अण्णा बोलले लाटांनी झाकलं असेल. पण सपाट पाण्यावर लाट आपल्या डोळ्यापेक्षा बुटकी असेल तर स्वतःच्या उंचीपेक्षा जास्त काही झाकूच शकत नाही, आणि इथे दोन मजले गायब. यावर दोन दिवस अण्णांकडून काही नाही.

तिसऱ्या दिवशी गुरुत्वाकर्षण. मूळ भांडण तेच होतं. अण्णांचं म्हणणं वस्तू खाली जाते ती घनतेमुळे, खेचतं बिचतं कुणी नाही. मी विचारलं घनतेला दिशा कोण देतो? लोखंड पाण्यापेक्षा जड हे ठीक, पण मग ते खालीच का जातं, डावीकडे का नाही जात? यावर चर्चा इतकी लांबली की शेवटी म्हंटलं अण्णा भेटा.

जुलैमध्ये ते डोळे तपासायला दादरला आले होते, तिथून त्यांना प्रभादेवीच्या एका टॉवरमध्ये नेलं, तिथल्या लिफ्ट आमच्याकडे आहेत. आधी घरचा डिजिटल वजनकाटा नेला तर तो एकदा आकडा पकडला की सोडेचना. मग सोसायटीच्या जिममधून काट्याचा जुना वजनकाटा मागून आणला, अण्णांना लिफ्टमध्ये त्याच्यावर उभं केलं. बासष्ट किलो. खाली जायचं बटण दाबलं, लिफ्ट सुटताना काटा सत्तावन्नवर आला, मधे एका वेगाने जाताना परत बासष्ट, आणि खाली थांबताना सदुसष्टला जाऊन आला. अण्णांनी मला चार वेळा वर-खाली करायला लावलं. पाचव्या वेळी बाराव्या मजल्यावर एक बाई कुत्रा घेऊन आत आल्या, म्हातारा वजनकाट्यावर उभा आणि मी खाली उकिडवा बसून काटा बघतोय.

"तुमची घनता बदलली का अण्णा मधल्या मधे? आणि वजन बदललं की नाही?"

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. खाली उतरून कटिंग मागवला आणि म्हणाले, "लिफ्ट वर सुटली की वजन वाढतं. म्हणजे खेचणारं कुणी नसलं तरी नुसती फरशी वर आली की झालं. मग पृथ्वीच लिफ्टसारखी सारखी वर चाललीय असं का नाही?"

कप हातात राहिला माझ्या. चार दिवस झोप नाही. आणि वाचता वाचता सापडलं काय, तर आईनस्टाईनला १९०७ मध्ये हाच विचार सुचला होता, वरून पडणाऱ्या माणसाला स्वतःचं वजन जाणवत नाही, आणि हा आयुष्यातला सगळ्यात सुखाचा विचार असं तो म्हणायचा. बंद लिफ्टच्या आत उभं राहून खेचलं जातंय की फरशी वर येतेय हे खरंच सांगता येत नाही. अण्णा तिथपर्यंत कटिंगवर पोचले होते. मी हे त्यांना सांगितलं नाही लगेच, थोडा जळलो.

उत्तर जुन्या घड्याळात मिळालं. १६७२ ला रिशे नावाच्या फ्रेंच माणसाने पॅरिसमध्ये बरोबर चालणारं लंबकाचं घड्याळ दक्षिण अमेरिकेत कायेनला नेलं, विषुववृत्ताच्या जवळ, तर ते दिवसाला अडीच मिनिटं मागे पडायला लागलं. लंबक सावकाश हलत होता, कारण तिथे ओढ कमी. आज मोजलेलंय की विषुववृत्तावर ती ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग, ध्रुवावर ९.८३, मुंबईत ९.७९. आता पृथ्वी म्हणजे वर चाललेली लिफ्टची फरशी असेल तर फरशीचा एक कोपरा जोरात वर जातोय आणि दुसरा हळू, असं करोडो वर्षं चाललंय, फरशी राहील का जागेवर? हे मात्र अण्णांना एका वाक्यात पटलं. "बेड वाकडा झाला की साचा चालत नाही," एवढंच म्हणाले. मी घरी पॅसेजमध्ये दोन मीटर दोरीला शटरचं कुलूप बांधून पन्नास झोके मोजले, १४२.३ सेकंद, त्यावरून ९.७५ आलं, बायको दोन वेळा कुलपाला धडकली. मुंबई आणि ध्रुव यातला फरक माझ्या दोरीच्या चुकीएवढाच आहे, त्यामुळे तो मी स्वतः दाखवला असं म्हणता येणार नाही, रिशेवर विश्वास ठेवायला लागतो. अण्णांनी ठेवला. घड्याळ बिघडलेलं नव्हतं ना, पॅरिसला परत नेल्यावर बरोबर चाललं का, असे सात-आठ प्रश्न विचारून ठेवला.

सूर्यास्ताची आयडिया सलीममुळे आली. सलीम आमच्याच चाळीतला, दुबईला असतो. तो म्हणाला तुम्ही काय भांडताय, इथे बुर्ज खलिफात २०११ ला मौलवींनी सांगितलं की ऐंशीव्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटं उशिरा सोडायचा आणि दीडशेच्या वर तीन मिनिटं, कारण त्यांचा सूर्य बुडायचा असतो अजून. मी उडालोच. सपाट जमिनीवर उंच चढल्याने सूर्य उशिरा कशाला मावळेल? आणि यात ना भाची ना फॉर्म्युला, दोन माणसं आणि एक फोन. गणित केलं, वरळी सीफेसच्या कट्ट्यावर बसलेला माणूस आणि प्रभादेवीला पंचाण्णव मीटर वर गच्चीत उभा असलेला माणूस, फरक पन्नास ते साठ सेकंद यायला पाहिजे. आकडा आधीच ग्रुपवर लिहून ठेवला, म्हणजे नंतर फिरवता येणार नाही.

पहिल्यांदा सप्टेंबरच्या शेवटी गेलो. अण्णा डोंबिवलीहून आले, कट्ट्यावर बसले, मी वर. सूर्य क्षितिजाच्या हातभर वर असतानाच धुरकटात असा विरघळला की कधी गेला ते दोघांनाही सांगता येईना. मुंबईत सूर्य समुद्रात बुडतो असं आपण म्हणतो पण बऱ्याचदा तो नुसता पुसला जातो. आणखी एकदा ढग. ऑक्टोबरच्या मध्याला दुपारी दणकून पाऊस झाला आणि संध्याकाळी आकाश काचेसारखं. मी वॉचमनच्या रजिस्टरमध्ये 'मशीन रूम तपासणी' लिहिलं आणि वर गेलो, तपासणी पण केली, खोटं कशाला. सव्वासहाच्या सुमारास फोन कानाला, दुसऱ्या हातात स्टॉपवॉच. खाली सीफेसवर मुंग्यांएवढी माणसं, त्यातले एक अण्णा.

"अर्धा राहिला," अण्णा. माझ्याकडे अर्ध्याहून बराच जास्त होता.

"नखाएवढा." मागे कुणीतरी भेळवाल्याला तिखट कमी सांगत होतं.

"गेला!"

स्टॉपवॉच दाबलं. माझ्या समोर सूर्य होता. लाल, पाण्याला टेकलेला, खालून कापलेला, पण होता. मी बोललो अण्णा माझ्याकडे आहे अजून. ते म्हणाले खोटं बोलू नकोस. मी म्हंटलं आईशप्पथ. वीस सेकंद, तीस, फोनमधून नुसता त्यांचा श्वास आणि गाड्यांचे हॉर्न, चाळीस, कड बारीक होत होत धाग्याएवढी झाली आणि मग तो धागा पण गेला. बावन्न सेकंद.

"तू उशिरा बोललास," अण्णा म्हणाले. आणि मग थोड्या वेळाने, "उद्या मी वर. तू खाली."

दुसऱ्या दिवशी त्यांना रजिस्टरमध्ये हेल्पर म्हणून लिहिलं. वॉचमनने सत्तर वर्षांच्या हेल्परकडे एकदा बघितलं, माझ्याकडे एकदा, आणि चावी दिली. त्यांना गच्चीवर सोडून, कठड्यापासून चार फूट लांब उभं राहायचं अशी तंबी देऊन मी बाईकने सीफेसला पळालो. फोन लावला तर अण्णांचा आवाज पाठमोरा येत होता.

"अण्णा, सूर्याकडे बघताय ना?"

"थांब रे, गिरणीची चिमणी शोधतोय. आमची इथेच कुठेतरी दिसायला पाहिजे."

"अण्णा, चार मिनिटं राहिली."

"दिसत नाही. तोडली वाटतं." मग पावलांचा आवाज. "हां, आलो. बोल."

कट्ट्यावरून माझा सूर्य गेला, मी ओरडलो गेला, शेजारची जोडी दचकली. फोनमध्ये अण्णा गिरणीत माल मोजावा तसे मोठ्याने आकडे म्हणत होते, मध्येच म्हणाले आहे, आहे अजून, आणि परत आकडे. पंचावन्नला थांबले.

रात्री ग्रुपवर त्यांचा मेसेज आला. पृथ्वीचं नाव नाही, गोल नाही, सपाट नाही. "५२ काल, ५५ आज. ३ सेकंदाचा फरक चालणार नाही. फोनवर आवाज उशिरा पोचतो आणि हा पोरगा बटण अंगठ्याने दाबतो, अंगठा जड असतो. पुढच्या वेळी फोन नको, दोघांची घड्याळं आकाशवाणीच्या टिंव टिंववर लावायची आणि आपापली वेळ कागदावर लिहायची. डिसेंबरात धुकट असेल. हवा बघून कळवतो."